सही कुठे करायची? ओस्त्रावाच्या अठरा रोमा मुलांचा खटला

कोळशाला रोमानी भाषेत ‘अंगार’ म्हणतात. पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाख’, सापाला ‘साप’. जिभेला आणि भाषेला मिळून एकच शब्द, ‘छिब’. मोजायला लागलं की ‘येख, दुय, त्रिन’. सात, आठ, नऊ मात्र ‘एफ्ता, ओख्तो, एन्या’. हे आकडे ग्रीक आहेत. हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघालेल्या रोमा लोकांनी, ज्यांना बाहेरचे ‘जिप्सी’ म्हणतात, ते वाटेत उचलले. मिलेना ह्युब्श्मानोव्हा या चेक विद्यार्थिनी १९५०च्या दशकात आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावा शहरात श्रमदानाला गेल्या होत्या. त्या हिंदी शिकत होत्या. तिथे राबणाऱ्या रोमांचं बोलणं कानावर पडलं आणि त्यातलं थोडंफार त्यांना चक्क समजलं. मग जन्मभर त्यांनी या भाषेची पाठ सोडली नाही. १९९१ मध्ये प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात रोमानीचा अभ्यासक्रम त्यांनीच सुरू केला.

विद्यापीठात ही भाषा अभ्यासाचा विषय झाली त्याच दशकात, त्याच ओस्त्रावात, ती घरी ऐकत वाढलेल्या सहा-सात वर्षांच्या पोरांना शाळेच्या दारातच ‘बुद्धीने कमी’ ठरवलं जात होतं.

या प्रकरणाचं कोर्टातलं नाव ‘डी. एच. आणि इतर विरुद्ध चेक प्रजासत्ताक’. अर्जदार अठरा. सगळे ओस्त्रावाचे, सगळे रोमा, १९८५ ते १९९१ या काळात जन्मलेले. अल्पसंख्याकांच्या हक्कांचा विषय निघाला की आपल्याला जाळपोळ, मारहाण, वस्ती उठवणं आठवतं. रोमांच्या वाट्याला ते सगळं आलं आहे. तरी मला हा खटला जास्त अस्वस्थ करतो. यात कुणी कुणावर हात उगारलेला नाही. एक चाचणी आहे, एक छापील अर्ज आहे आणि त्या अर्जाखाली आईची किंवा बापाची सही आहे. सगळं नियमाला धरून झालेलं असताना अन्याय दाखवायचा कसा, हा इथला पेच.

ओस्त्रावा म्हणजे कोळसा आणि पोलाद. इथले रोमा बहुतेक स्लोव्हाकियातून आलेल्या कुटुंबांचे. कारण बोहेमिया-मोराव्हियातले, म्हणजे चेक प्रदेशातले, मूळचे रोमा नाझी काळात जवळजवळ संपलेच. दहातले नऊ मारले गेले. लेटी इथे त्यांच्यासाठी छळछावणी होती. त्या जागेवर १९७०च्या दशकात डुकरांचा मोठा गोठा बांधला गेला आणि सरकारने तो विकत घेऊन हटवेपर्यंत चाळीसहून अधिक वर्षं गेली. युद्धानंतर कारखान्यांना माणसं हवी होती म्हणून पूर्वेकडून रोमा कुटुंबं आणून खाणींच्या गावांत वसवली. १९५८ मध्ये कायदा करून त्यांचं फिरणं बंद केलं. चाकाच्या गाड्या गेल्या, चाळी आल्या, बापांना खाणीत रोज मिळू लागला. १९९४ मध्ये ओस्त्रावा शहरातली शेवटची खाण बंद पडली. कामावरून आधी कमी झाले ते अंगमेहनतीचे, बिनशिक्षणाचे. म्हणजे पोरांनी शिकणं ज्या वर्षांत सर्वांत गरजेचं झालं, त्याच वर्षांत ही अठरा पोरं शाळेत जायच्या वयाची झाली.

शाळा दोन तऱ्हेच्या होत्या. एक साधी प्राथमिक शाळा. दुसरी ‘विशेष शाळा’, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीची. चेक भाषेतल्या त्या शब्दाला ‘विशेष’ असाही अर्थ आहे आणि ‘विचित्र’ असाही. अभ्यासक्रम पातळ केलेला. तिथून बाहेर पडलेल्या मुलाला २००० सालापर्यंत साध्या माध्यमिक शाळेचं दार कायद्यानेच बंद होतं; फार तर एखादं हातकाम शिकायला जाता येई. सातव्या वर्षी कुठल्या फाटकातून आत गेलात, त्यावर विसाव्या वर्षी हातात फावडं असणार की पेन, ते ठरत होतं.

त्या फाटकापर्यंत मूल पोचायचं कसं? शाळेकडून किंवा बालवाडीकडून सूचना यायची की हे मूल मागे आहे. मग ते मानसशास्त्रीय सल्ला केंद्रात जायचं. तिथे बुद्धिमापन चाचणी व्हायची. केंद्राची शिफारस मुख्याध्यापकांकडे जायची, पालकांची संमती घेतली जायची आणि मुख्याध्यापक निर्णयावर शिक्का मारायचे. कागद पाहिले तर कुठेही ‘रोमा’ हा शब्द नाही. नियम सगळ्या मुलांना एकच होता.

चाचणीपाशी जरा थांबायला हवं. सल्ला केंद्रातली ती खोली डोळ्यांपुढे आणा. मूल एका अनोळखी बाईंसमोर बसलं आहे. घरी रोमानी बोललं जातं, किंवा रोमानीच्या वळणाची चेक बोलली जाते, जिचं व्याकरण आणि शब्द पुस्तकी चेकपेक्षा वेगळे. बालवाडीत ते कधी गेलेलं नाही, चित्रांचं पुस्तक घरात नाही. बाई चेकमध्ये विचारतात, अमुक शब्दाचा अर्थ सांग. चित्रात काय राहिलंय ते दाखव. मूल गप्प बसतं. त्या गप्प बसण्याला गुण मिळतात शून्य, आणि शून्यांची बेरीज म्हणजे त्याची बुद्धी. वापरल्या जाणाऱ्या चाचण्या वेक्स्लर आणि स्टॅनफर्ड-बिने घराण्यातल्या, म्हणजे बहुसंख्य समाजातल्या मुलाला सरासरी धरून बेतलेल्या. चाचणी घेणाऱ्या बाईंच्या मनात काही वाईट असायची गरजच नाही. आपल्याकडे घरी वाघरी बोलणारं पारध्याचं पोर पहिलीच्या वर्गात बसतं, बाईंचं मराठी त्याच्या डोक्यावरून जातं आणि आठवड्याभरात ते ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर जातं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ओस्त्रावाची ती खोली मुद्दाम समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच की तिथे मागचा बाक म्हणजे वेगळी इमारत होती.

१९९६ ते १९९९ या काळात अठराही जण विशेष शाळेत गेले. काही थेट, काही साध्या शाळेत थोडा काळ काढून. मे १९९९ मध्ये त्यांतल्या चौघांची साध्या शाळेत बदली झाली. ज्यांना साधी शाळा झेपणार नाही असं सरकारी कागद सांगत होता, ते एवढ्यात तिथे चालण्यासारखे झाले! या चौघांपाशी मी वाचता वाचता बराच वेळ अडले.

आता मोजणीकडे येऊ, कारण या खटल्याचा कणा तीच. बुडापेस्टमध्ये १९९६ साली स्थापन झालेल्या युरोपीय रोमा हक्क केंद्राने ओस्त्रावातल्या शाळांच्या मुख्याध्यापकांना प्रश्नावल्या पाठवून विचारलं, तुमच्याकडे रोमा मुलं किती? उत्तरं जुळवल्यावर चित्र असं निघालं. शहराच्या प्राथमिक शाळांतल्या ३३,३७२ मुलांत रोमा २.२६ टक्के. विशेष शाळांत एकूण १,३६० मुलं, त्यांत रोमा ७६२, म्हणजे ५६ टक्के. बिगर-रोमा मुलांपैकी विशेष शाळेत गेलेली १.८ टक्के, रोमा मुलांपैकी ५०.३ टक्के. रोमा घरात जन्मलेल्या मुलाची विशेष शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलाच्या सत्तावीस पट.

एकेका मुलाची फाइल उघडा, प्रत्येकीत चाचणीचा अहवाल आहे, शिफारस आहे, सही आहे. सगळं चोख. सगळ्या फायली एकावर एक ठेवल्यावरच ते दिसतं. आणि कायद्याला सवय एकेक फाइल उघडायची.

मुलांच्या वकिलांना पहिला धक्का त्यामुळेच बसला. ओस्त्रावाच्या शिक्षण खात्याने फेरविचाराची मागणी फेटाळली. बारा मुलांच्या वतीने प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेलं. तिथे २० ऑक्टोबर १९९९ रोजी निकाल आला: कायदा पाळला गेला आहे, पालकांनी वेळेत हरकत घेतली नाही, आणि एकूण सामाजिक परिस्थिती तपासणं हे आमचं काम नव्हे. त्याच ऑक्टोबरमध्ये ऊस्ती नाद लाबेम या चेक शहरात नगरपालिकेने मातिच्नी रस्त्यावर रोमांच्या इमारती आणि शेजारच्यांची घरं यांच्यामध्ये भिंत बांधली. तिची चित्रं जगभर गेली, युरोप संतापला आणि सहा आठवड्यांत ती पाडली गेली. शाळांमधली भिंत विटांची नव्हती. तिचा फोटो काढता आला नाही.

एप्रिल २००० मध्ये अर्ज स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाखल झाला. सहा वर्षांनी, ७ फेब्रुवारी २००६ रोजी, सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक मतांनी सांगितलं, भेदभाव झाला हे सिद्ध होत नाही. आकडे गंभीर आहेत हे पीठाने मान्य केलं. पण विशेष शाळांमागचा हेतू मुलांना त्यांच्या गरजेचं शिक्षण देण्याचा होता, चाचण्या तज्ज्ञांनी घेतल्या होत्या आणि पालकांनी संमती दिली होती. पालकांची संमती. सगळ्या पायऱ्यांवर सरकारच्या हातात हेच एक पान होतं.

वकिलांनी प्रकरण त्याच न्यायालयाच्या महापीठाकडे नेलं. सतरा न्यायाधीश. १३ नोव्हेंबर २००७ रोजी निकाल लागला, तेरा विरुद्ध चार, मुलांच्या बाजूने. युरोपीय मानवी हक्क कराराचं चौदावं कलम भेदभावाला मनाई करतं, पण ते एकटं उभं राहत नाही, दुसऱ्या एखाद्या हक्काचा हात धरून येतं. इथे ते शिक्षणाच्या हक्काबरोबर लागू झालं. निकालाने ‘अप्रत्यक्ष भेदभाव’ या कल्पनेला युरोपच्या शिक्षणाच्या दारात पाय रोवून उभं केलं. नियम वरून सर्वांना सारखा असला, तरी एका जमातीवर तो फार जड पडत असेल, तर तो भेदभाव. हेतू सिद्ध करायची गरज नाही. विश्वासार्ह आकडे पुढे आले की जबाबदारी सरकारवर जाते. हा फरक वंशामुळे नाही, हे मग त्याने दाखवायचं. सरकारला ते दाखवता आलं नाही. स्वतःचे वेगळे आकडेही त्याने पुढे ठेवले नव्हते.

न्यायालयाने एकेका मुलाची फाइल तपासली नाही. सबंध व्यवस्थेचा परिणाम रोमा मुलांवर विषम आहे हे ठरल्यावर, त्याच व्यवस्थेतून गेलेली ही अठरा मुलंही त्यात आलीच, असं म्हटलं.

आणि संमतीचं काय? निकालाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग इथे आहे. पालकांनी सही केली ती आधीच भरून ठेवलेल्या छापील अर्जावर. साध्या शाळेत जादा मदत देऊन मूल ठेवता येईल का, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. दोन शाळांच्या अभ्यासक्रमात फरक काय, पुढे कुठली दारं बंद होतील, यावरही काही नव्हतं. आपल्या तालुक्याच्या कचेरीत ‘सही कुठे करायची?’ असं विचारून, साहेबांनी पेन्सिलीने केलेल्या फुलीवर ज्यांनी सही केली आहे, त्यांना हा अर्ज ओळखीचा वाटेल.

पण पालक नुसते फसवले गेले, असं म्हटलं तर तेही अर्धवट होईल. त्यांच्यापुढे पर्याय दोन होते. साध्या शाळेत पोराच्या शेजारी कुणी बसणार नव्हतं, ‘त्सिकान’ म्हणून हाका येणार होत्या (हा शब्द तिथे शिवीसारखा वापरला जातो), शिक्षकांना त्याचं बोलणं कळणार नव्हतं. विशेष शाळेत मोठा भाऊ होता, मावशीची पोरं होती, वर्ग लहान होते, बाई प्रेमाने बोलत होत्या. कुठल्या आईने काय निवडलं असतं? न्यायालयाने ही कोंडी ओळखली. एकीकडे या मुलांना सामावून घेण्याची तयारी नसलेली शाळा आणि दुसरीकडे बहुतेक रोमाच असलेली शाळा, यांतून केलेली निवड ही पूर्ण जाणतेपणाने केलेली निवड नव्हे. आणि वांशिक भेदभाव न होण्याचा हक्क सही करून सोडून देता येत नाही. तो सोडता आला असता तर सही गोळा करणाऱ्याची सोय झाली असती.

भिन्नमत देणाऱ्या चार न्यायाधीशांपैकी बोर्रेगो बोर्रेगो यांचा आक्षेप टोचणारा आहे. त्यांचं म्हणणं, रोमा आईबापांना स्वतःच्या मुलाचं भलं कळत नाही असं सूचित करणं हाच त्यांचा अपमान. मी या आक्षेपावर पुष्कळ विचार केला. गरिबांच्या वतीने दुसऱ्यांनी ठरवायचं, याचा त्रास रोमांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगला आहे. कम्युनिस्ट राजवटीत रोमा बायकांची नसबंदी त्यांचं भलं या नावाखालीच झाली, आणि तिथेही सह्या होत्या. त्या बायकांना भरपाई देणारा कायदा व्हायला २०२१ साल उजाडलं. तरीही इथे बोर्रेगो बोर्रेगो चुकले असं मला वाटतं. निकालाने आईबापांची अक्कल काढलेली नाही. त्यांच्यापासून जे लपवलं त्यावर बोट ठेवलं आहे. माहितीच दिली नाही, तर वकील असलेल्या बापालाही निवड करता येणार नाही.

प्रत्येक अर्जदाराला चार हजार युरो भरपाई मिळाली. तोवर सर्वांत धाकटं मूल सोळाच्या आसपास होतं आणि थोरलं बाविशीला आलं होतं. शाळेचं वय कुणाचंच उरलं नव्हतं. शाळा कशा बदलायच्या, याचा आदेश निकालात नव्हता. ज्या कायद्यावर खटला चालला तो आता रद्द झालेला आहे, एवढी नोंद न्यायालयाने केली.

खरंच तो रद्द झाला होता. २००४च्या नव्या शिक्षण कायद्याने १ जानेवारी २००५ पासून ‘विशेष शाळा’ हा प्रकारच काढून टाकला. त्या शाळा ‘प्राथमिक व्यवहार शाळा’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. इमारत बहुधा तीच, शिक्षक तेच, बाकांवर त्याच गल्लीतली पोरं. सौम्य बौद्धिक अक्षमतेसाठीचा पातळ अभ्यासक्रम मुख्य अभ्यासक्रमाचं एक जोडपत्र म्हणून टिकला. स्ट्रासबर्गचा निकाल आला तेव्हा ज्या शाळेविरुद्ध तो होता, ती कागदावर अस्तित्वातच नव्हती. निकालाच्या अंमलबजावणीवर युरोप परिषदेची मंत्री समिती नजर ठेवते. ती वर्षानुवर्षं विचारत राहिली आणि प्रागहून कृती आराखडे येत राहिले.

दरम्यान मोजणीचा प्रश्न पुन्हा डोकं वर काढत होता. शाळेत मुलाची जमात नोंदवायची नाही, असा तिथला रिवाज, आणि त्यामागचं भय खरं आहे; याच याद्यांनी एकदा माणसं लेटीला नेली होती. जनगणनेत रोमा स्वतःला रोमा म्हणवायला धजत नाहीत. २०११ मध्ये असं सांगणारे १३ हजारांच्या आसपास निघाले, तर सरकारी अंदाज अडीच लाखांच्या घरातला. मोजलं तर धास्ती, नाही मोजलं तर भेदभाव सिद्ध होत नाही. या गाठीवर मला सोपं उत्तर सापडलेलं नाही. पण एक साधा भेद करता येतो. मुलाच्या नावापुढे जमात लिहिणं वेगळं, आणि वर्गात किती रोमा मुलं आहेत एवढा आकडा नाव न घेता काढणं वेगळं. १९९९ मध्ये मुख्याध्यापकांना प्रश्नावल्या पाठवून झालं ते दुसऱ्या तऱ्हेचं काम.

तेच काम २०१२ मध्ये देशाच्या लोकहक्क रक्षकाच्या कार्यालयाने केलं. त्याची माणसं व्यवहार शाळांच्या वर्गांत जाऊन बसली आणि त्यांनी मोजलं. शिक्षकांनाही वेगळं विचारलं. दोन्ही वाटांनी आलेले आकडे जवळपास सारखे, ३२ आणि ३५ टक्के. देशाच्या लोकसंख्येत रोमा दोन-तीन टक्के. निकालाला पाच वर्षं होत आली होती. २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या आयोगाने वांशिक समतेच्या नियमांचा भंग केल्याबद्दल चेक सरकारविरुद्ध कारवाई सुरू केली. हलवाहलव खऱ्या अर्थाने त्यानंतर झाली. १ सप्टेंबर २०१६ पासून पातळ अभ्यासक्रमाचं ते जोडपत्र रद्द झालं आणि अडलेल्या मुलाला साध्या शाळेतच सहायक शिक्षक, जादा तास अशी मदत मिळण्याची तरतूद कायद्यात आली.

विरोध झाला. साध्या शाळांतल्या पालकांनी, शिक्षकांनी, राजकारण्यांनी ओरड केली की यामुळे सगळ्यांचंच शिक्षण बिघडेल. आणि जिथे रोमा मुलं साध्या शाळेत आली, तिथे बरेचदा इतर पालकांनी आपली मुलं काढून दुसरीकडे नेली. रोमा वस्तीलगतची शाळा मग नावाला साधी, पण पुन्हा एकाच जमातीची. हा भेद कुठल्याही सल्ला केंद्राने केलेला नाही. तो घरभाड्याने, वस्तीने आणि शेजाऱ्यांच्या मनाने केला, आणि त्याला कोर्टात उभं करणं आधीच्यापेक्षाही अवघड.

त्या सगळ्या बदलांत मला सर्वांत आशा वाटते ती एका लहानशा तरतुदीची. सप्टेंबर २०१७ पासून शाळेआधीचं बालवाडीचं एक वर्ष प्रत्येक मुलाला सक्तीचं झालं. म्हणजे चित्रांचं पुस्तक, रंगीत खडू आणि बाईंची चेक भाषा यांच्याशी मुलाची गाठ चाचणीच्या खोलीत पहिल्यांदा पडणार नाही. ओस्त्रावाच्या त्या अठरा जणांतलं सर्वांत धाकटं तेव्हा सव्विशीच्या घरात होतं. स्वतःचं मूल बालवाडीत घालायला नेण्याचं वय.